जमीन एकदाच विकता येते

पावसाळ्यातील कोणत्याही शनिवारी लोणावळ्याच्या बाजारपेठेत पाय ठेवायला जागा नसते. भुशी धरणावर भिजून आलेला, कार्ला-भाजे पाहून परतणारा प्रवासी गाडी घाटाला लावण्यापूर्वी चिक्कीच्या दुकानाशी थांबतोच. काउंटरमागे उभी असलेली मुले त्याच्या हाती चिक्कीचा तुकडा चाखायला देतात, वजन करतात, पिशवी बांधतात, सुटे पैसे मोजतात आणि तेवढ्यात पुढच्या चौघांशी बोलतात. यांतील बरीच मुले नाणे मावळ, पवन मावळ, आंदर मावळ या खोऱ्यांतील गावांतून येतात. आठवडाभर महाविद्यालय आणि शनिवार-रविवार दुकान, असा त्यांचा क्रम असतो.

या मुलांच्या घरी जाऊन विचारावे की, चिरंजीव काय करतात? बहुतेक ठिकाणी उत्तर खालच्या आवाजात येते : ‘सध्या एका दुकानात आहे, परीक्षेचा अभ्यास चालू आहे.’ परीक्षा म्हणजे अर्थातच स्पर्धा परीक्षा. पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांमध्ये उमेदीची पाच-सहा वर्षे घालवूनही मोजक्या जागांसाठी लाखोंच्या रांगेत उभे राहणे आपल्याला प्रतिष्ठेचे वाटते. चार वर्षे प्रामाणिकपणे माल विकून एखाद्या कंपनीत क्षेत्र प्रतिनिधी होणे मात्र तात्पुरते, नाइलाजाचे वाटते. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ असे सांगणाऱ्या समाजाने ही उतरंड केव्हा उलटी केली, हे त्याचे त्यालाही कळले नाही. ‘विक्रीत आहे’ हे शब्द आपल्या घरांत आजही अभिमानाने उच्चारले जात नाहीत. मावळातील तरुण पिढीचे मोठे नुकसान या एका संकोचाने होत आहे, आणि ते थांबवणे सरकारच्या हाती नसून घरांच्या हाती आहे.

चिक्की आणि इंद्रायणी

लोणावळ्याची चिक्की हा विक्रीकलेचा एक धडाच आहे. शेंगदाणे आणि गूळ यांपासून होणारा हा पदार्थ. पण घाटमाथ्यावरच्या या धो धो पावसाच्या डोंगरात ना भुईमूग पिकतो, ना ऊस. कच्चा माल बाहेरचा, कृती कोणत्याही घरात जमणारी. तरीही या पदार्थाला नाव मिळाले ते लोणावळ्याचे. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, स्थानकावर गाड्या थांबू लागल्या, आणि थांबलेल्या प्रवाशाला काय हवे असते हे काही दुकानदारांनी ओळखले. त्याला टिकणारे, बरोबर नेता येणारे, घरच्या पोराबाळांच्या हाती ठेवता येणारे काहीतरी हवे होते. पुढे पिढ्यान्‌पिढ्या तीच चव आणि तोच शब्द राखला गेला. लोणावळ्याच्या चिक्कीचे नाव पिकवण्यातून आलेले नाही. ते ग्राहक ओळखण्यातून आले.

आता याच तालुक्यातील दुसरे उदाहरण पाहू. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली इंद्रायणी हा वाण प्रसारित झाला. आंबेमोहराचा गुण घेतलेला, शिजताना घरभर दरवळणारा, चिकट, मऊ तांदूळ. मावळाच्या खाचरांत तो पिकला, पुण्या-मुंबईच्या घरांत आवडता झाला. त्याच्या नावावर शहरांतील दुकाने चालतात. पण कमरेइतक्या पावसात वाकून लावणी करणारा शेतकरी बहुधा मळणी होताच भात क्विंटलच्या भावाने व्यापाऱ्याच्या हवाली करतो. त्याच्या खाचरापासून शहरातील स्वयंपाकघरापर्यंत भाव जो चढतो, त्यातील मोठा भाग ग्राहकाचे दार ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याकडे जातो. जो पदार्थ इथला नाही, तो विकता आला म्हणून इथला झाला. आणि जे धान्य खरोखर इथले आहे, ते विकता आले नाही म्हणून परक्याचे झाले. या दोन वाक्यांत मावळाचे अर्थकारण सामावलेले आहे.

याला एक अपवाद आहे, आणि तो आपल्यापैकी अनेकांना गमतीचा वाटेल. मावळातील हरितगृहांमधून गुलाबाची फुले परदेशी जातात. १४ फेब्रुवारीला जगाच्या बाजारात लाल गुलाबाला जो भाव येतो, तो साधण्यासाठी इथला उत्पादक दीड-दोन महिने आधी छाटणीचा दिवस ठरवतो. त्या दिवसाविषयी आपली मते काहीही असोत आणि ती आहेतच. पण दुसऱ्याचा सण, दुसऱ्याची आवड आणि दुसऱ्याचे पंचांग यांचा अभ्यास करून त्या दिवशी माल बाजारात हजर ठेवणे, हे जाणत्या विक्रेत्याचे लक्षण होय. दसऱ्याचा झेंडू आणि गौरी-गणपतीची फुले यांचा हिशेब आपले किती शेतकरी अशाच काटेकोरपणे मांडतात?

गंधिकाचे दान

विक्री हा मराठी मातीला न मानवणारा धंदा आहे, हा समज तर इतिहासाने केव्हाच खोटा ठरवला आहे. एकवीरा देवीच्या दर्शनाला गेलेल्या भाविकाने शेजारच्या कार्ल्याच्या चैत्यगृहातील शिलालेखांकडे क्षणभर पाहावे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या लेखांत वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केल्याची आणि ते जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याची नोंद आहे. धेनुकाकट येथील सिंहदत्त नावाच्या एका गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, प्रवेशद्वाराचे दान दिल्याचाही उल्लेख आहे. सोपारा-कल्याणच्या बंदरांतून देशावर जाणारे व्यापारी तांडे याच घाटांनी चढत होते. अत्तर विकणाऱ्याचे नाव धर्मस्थानाच्या दारावर कोरले जाण्यात त्या समाजाला काही कमीपणा वाटला नाही. त्याच मावळात सुदुंबरे येथे संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. तेलाचा व्यवसाय करणाऱ्या संताजींनी तुकोबांचे अभंग लिहून जतन केले. स्वतः तुकोबांचे घराणेही वाण्याचे. मापात पाप न करणारा विक्रेता आणि संत यांच्यात आपल्या परंपरेने कधी भिंत उभी केली नव्हती.

अगदी अलीकडचा दाखला हवा असेल तर तळेगाव दाभाडे गाठावे. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसाफंडाची कल्पना मांडली. प्रत्येक देशबांधवाने एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभा राहावा. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेच्या पाठीशी बळ उभे केले आणि १९०८ साली तळेगावात पैसाफंडाचा काच कारखाना सुरू झाला. जपान व अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याच्या उभारणीत होते. इथे शिकलेले कारागीर पुढे देशात ठिकठिकाणी काचधंद्यात गेले.

या कथेतील कारागिरी आपण लक्षात ठेवतो. तिच्यातील विक्री विसरतो. त्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. म्हणजे हजार रुपये उभे करायचे तर चौसष्ट हजार माणसांपुढे हात पसरायचा, चौसष्ट हजार वेळा तीच गोष्ट नव्या उत्साहाने सांगायची. कार्यकर्त्यांना किती दारे बंद मिळाली असतील, किती जणांनी ‘एका पैशाने काय होणार’ म्हणून हसण्यावारी नेले असेल! वस्तू अजून तयारही झालेली नव्हती. ते विकत होते एक विश्वास.

संघपरिवारातील वाचकांना यावरून एकनाथजी रानडे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. विवेकानंद शिलास्मारकासाठी त्यांनी दिल्लीत निरनिराळ्या पक्षांच्या ३२३ खासदारांच्या स्वाक्षऱ्या मिळवल्या आणि सामान्य माणसाकडून एकेक रुपया गोळा करून १९७० साली ते कार्य तडीस नेले. मत न पटणाऱ्या माणसाचे आधी शांतपणे ऐकून घ्यायचे, त्याला काय पटेल ते शोधायचे आणि नकार मिळाला तरी पुन्हा त्याच दारी हसतमुखाने जायचे, हा संपर्काचा वस्तुपाठ आहे. व्यवस्थापनशास्त्राचे विद्यार्थी तोच भरमसाट शुल्क भरून शिकतात.

पायऱ्यांचा प्रवास

या क्षेत्रातील कारकीर्द पायरीपायरीने घडते. पहिली पायरी विद्यार्थिदशेतील काउंटरची. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेला कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव आहे, ते उगीच नव्हे. श्रम करीत शिकण्याला रयत शिक्षण संस्थेने महाराष्ट्रात प्रतिष्ठा दिली. दुकानात काम करणाऱ्या मुलाने दिवसाच्या शेवटी स्वतःला चार प्रश्न विचारावेत. आज काय खपले? काय पडून राहिले? परत आलेला ग्राहक कोणता? रिकाम्या हाताने गेला तो का गेला? ही चार उत्तरे वहीत लिहिणारा मुलगा आणि नुसता तास भरणारा मुलगा यांच्यात वर्षभराने जमीन-अस्मानाचे अंतर पडते.

दुसरी पायरी वितरकाकडील विक्री प्रतिनिधीची. दुचाकी, पिशवी, ठरलेला मार्ग आणि दिवसाला तीस-चाळीस दुकाने. इथे ग्राहक बदलतो; आता समोर स्वतःच मुरलेला दुकानदार असतो. मुदत संपलेला माल, अडकलेली उधारी, शेजारच्या कंपनीची जास्तीची सूट असे सगळे प्रश्न रोज अंगावर येतात. ‘वसुली झाल्याशिवाय विक्री झाली असे समजू नये’ हे सूत्र इथेच अंगी मुरते. तिसरी पायरी कंपनीच्या क्षेत्र प्रतिनिधीची. औषध कंपन्यांचे वैद्यकीय प्रतिनिधी हे तिचे आपल्या मध्यमवर्गाला सर्वांत परिचित रूप. विज्ञानाची पदवी घेतलेल्या अनेक मराठी तरुणांनी एकेकाळी याच वाटेने घरे उभी केली. त्यांच्या कामाचे स्वरूप वेगळे आहे हे ओळखून संसदेने १९७६ साली विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा स्वतंत्र कायदा केला आणि २०२० च्या श्रमसंहितेत त्या तरतुदी सामावून घेतल्या गेल्या. हे काम तात्पुरते मानावे असे नाही, याची ही कायदेशीर पावतीच म्हणावी लागेल.

या पायऱ्या चढताना लागणारा धीर किती, हे लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्रातून कळते. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करणाऱ्या लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षे लागली. नांगर उत्तम होता, पण नुसता उत्तम असून भागले नाही. शेतकऱ्याच्या मनातील भीती काढावी लागली. विकोच्या पेंढरकर कुटुंबानेही दंतमंजनाची सुरुवातीची विक्री घरोघर फिरूनच केली. आज ही नावे आपण उद्योगपती म्हणून घेतो. ते आधी विक्रेते होते.

चौथी पायरी व्यवस्थापनाची, आणि इथे पुष्कळांची गफलत होते. सर्वांत जास्त माल विकणारा माणूस आपोआप चांगला व्यवस्थापक होतो, असे मानले जाते. तसे घडतेच असे नाही. प्रतिनिधीला स्वतः विकायचे असते. व्यवस्थापकाला दुसऱ्याकडून विकून घ्यायचे असते, त्याच्या अपयशाच्या दिवशी त्याच्याबरोबर दुचाकीवर मागे बसून दुकाने फिरायची असतात. शाखेतील गटनायकाला हे सांगावे लागू नये. पावसात एकेका घरी जाऊन मुलांना बोलावून आणणारा, आज कोण आला नाही आणि का आला नाही याची नोंद मनात ठेवणारा गटनायक जो गुण कमावतो, त्यालाच बाजारात व्यवस्थापन म्हणतात. त्याला जोड हवी ती हिशेबाची, संगणकाची, आणि मराठीबरोबर हिंदी-इंग्रजीत चार माणसांत न अडखळता बोलण्याची. या गोष्टी मावळातील मुलांना न जमण्यासारख्या मुळीच नाहीत.

लक्ष्य आणि लक्ष्मणरेषा

या क्षेत्राची काळी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. महिनाअखेरीचे लक्ष्य गाठण्याच्या दडपणाखाली माणसे काय काय विकतात, हे आपण पाहतो. वृद्धाच्या गळ्यात न पेलणारी विमा योजना मारली जाते. मोफत भेटवस्तूचे आमिष दाखवून सुट्टीच्या सदस्यत्वावर सह्या घेतल्या जातात. रस्ता, पाणी आणि मंजुरी यांपैकी काहीच नसलेले भूखंड रंगीत पत्रकांवर खपवले जातात. ‘तुम्ही चार जण आणा, ते प्रत्येकी चार आणतील’ या साखळ्यांनी तर नातीगोतीच विक्रीला काढली. अशा योजनांना १९७८ पासून कायद्याने बंदी आहे आणि २०२१ च्या थेट विक्री नियमांनी ती पुन्हा स्पष्ट केली आहे. तरी नव्या नावाने त्या येतातच. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, त्यामागची प्रेरणा हीच होती की, बाजारात ग्राहकाला राजा म्हणून मिरवण्याऐवजी त्याची फसवणूक थांबली पाहिजे.

यावरून काही पालक निष्कर्ष काढतात की, ‘म्हणूनच आम्ही मुलाला त्या धंद्यात घालत नाही.’ विचार नेमका उलटा हवा. संस्कार झालेली मुले जर विक्रीपासून दूर राहिली, तर बाजार ज्यांना संस्कारांशी देणेघेणे नाही त्यांच्या हाती जाईल. ‘ही वस्तू तुमच्या उपयोगाची नाही’ असे ग्राहकाला सांगण्याचे धैर्य असलेला विक्रेता त्या दिवशी एक विक्री गमावतो आणि एक ग्राहक जन्मभरासाठी कमावतो. आपल्या जुन्या व्यापाऱ्यांनी याला ‘पत’ हा नेमका शब्द दिला होता.

पैसा गेला, विद्या राहिली असती

हा विषय मावळासाठी निकडीचा का, तेही सांगायला हवे. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला आणि या तालुक्यातील जमिनीला सोन्याचा भाव आला. अनेक घरांत एकरकमी पैसा आला. बंगला झाला, गाडी आली, लग्ने थाटात झाली. त्या व्यवहारांतही विकणारा एकदाच विकत होता आणि घेणारा रोज घेत होता. साहजिकच घासाघिसीची विद्या घेणाऱ्याकडे होती. ज्या घराला विक्रीचा सराव नाही, त्याने आयुष्यातील सर्वांत मोठी विक्री केली, आणि तीही पहिल्याच फटक्यात.

मग आशा कारखान्यांवर ठेवली गेली. तळेगावात २००८ साली जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला, तेव्हा परिसरात आनंद होता. कंपनीने २०१७ मध्ये भारतातील विक्रीच थांबवली, त्यानंतर काही काळ केवळ निर्यातीसाठी उत्पादन केले आणि २०२० च्या डिसेंबरात ते थांबले. पुढे २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला. पण मधल्या काळात कामगारांच्या घरांनी जे सोसले, ते सोसलेच. यंत्रे उत्तम होती, कामगार कुशल होते. या बाजारात गाड्याच पुरेशा खपत नव्हत्या. कारखान्यातील प्रत्येक नोकरी शेवटी कुठेतरी कुणीतरी केलेल्या विक्रीवर उभी असते, हे यापेक्षा स्पष्टपणे कोण सांगणार?

तेव्हा घरांनी काय करावे? मुलगा किंवा मुलगी दुकानात, हॉटेलच्या स्वागतकक्षात, वितरकाकडे काम करत असेल, तर आवाज खाली न आणता ते सांगावे. नेमणुकीचे पत्र, साप्ताहिक सुट्टी आणि ठरलेला पगार मागण्याची सवय लावावी. प्रतिष्ठा नुसत्या शब्दांनी येत नाही. स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तर प्रयत्नांची मर्यादा आधीच ठरवावी. कार्यकर्त्यांनी आपापल्या गावातील दहा शेतकऱ्यांचा इंद्रायणी एकत्र करून पाच किलोच्या पिशव्यांत पुण्यातील पन्नास घरांपर्यंत न्यावा, आणि हे काम महाविद्यालयीन मुलांवर सोपवावे. माल आपला, ग्राहक ओळखीचा, तोटा झाला तरी बेताचा. त्यात मुलांना जे नकार मिळतील, ती त्यांच्या शिक्षणाची दक्षिणा समजावी.

बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, असे आपल्याकडे म्हणतात. मावळाने बोलता येत नव्हते म्हणून सोन्यासारखी माती विकून टाकली. ती परत येणार नाही. परंतु खाचरे अजून पुष्कळ शिल्लक आहेत, मुले हुशार आहेत, आणि पुण्या-मुंबईचा ग्राहक दर शनिवारी आपण होऊन घाट चढून दाराशी येतो आहे. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून, योग्य मापात, योग्य भावात आपला माल त्याच्या हाती ठेवणारी पिढी ज्या घरांतून निघेल, त्या घरांवर पुन्हा जमीन विकण्याची वेळ येणार नाही.